एकच बोअर, सेहेचाळीस बागा

देवाशप्पथ सांगते, मला आयुष्यात कुणी थोबाडीत मारलेली नाही. बापानं नाही, मास्तरनं नाही, आणि नवऱ्यानं, म्हणजे लुत्सेकनं तर त्रेचाळीस वर्षांत साधा आवाज चढवला नाही. पण त्या शनिवारी भर दुपारी, सगळ्या सभासदांच्या देखत मला जे बसलं ते थोबाडीतच होतं. महिना होऊन गेला, अजून गाल चुरचुरतोय.

नीट पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, रेगिनाबाई तापली की तिची गाडी भलत्याच रुळावर जाते.

मी गावाच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं काढली. इंजिनिअर नव्हे हो, नोंदी घेणारी. कुठल्या टाकीत किती पाणी, कुठल्या पाइपात किती दाब, हे बघायचं आणि लिहायचं. निवृत्त झाले तशी ‘सेमाफोर’ बागांची अध्यक्ष झाले, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. सेमाफोर म्हणजे रेल्वेच्या भरावाखालच्या सेहेचाळीस छोट्या बागा, चार गल्ल्यांत. एके काळी सगळे रेल्वेवाले होते. आता नर्स आहे, टॅक्सीवाला आहे, निवृत्त मेजर आहे. प्रत्येकाचं एक लाकडी खोपटं, चार वाफे, दोन सफरचंदं, आणि कुंपणावरून शेजाऱ्याच्या टोमॅटोवर नजर.

सगळं ठीक चाललं होतं ते पाण्यापाशी येऊन अडलं. नगरपालिकेच्या पाण्याचा दर इतका चढला की लोकांनी काकड्या लावायचं सोडलं. काकडीशिवाय बाग! उन्हाळ्यात शेपू-लसूण घालून बरणीत काकड्या घातल्या नाहीत तर हिवाळ्यात खायचं काय, डोंबल? काहींनी सरळ हिरवळ लावली आणि खुर्ची टाकून बसले. बाकीच्यांनी जमिनीत नळ्या ठोकल्या. आमच्याकडे वाळू आहे, पाणी सहा-सात मीटरवर. दोन माणसं आणि एक घण असला की एका दुपारी पंप उभा राहतो. एकानं ठोकला की शेजारी ठोकणार, आणि शेजाऱ्याची मोटर मोठी असणार. त्यात तीन हिवाळे धड बर्फ पडलं नाही. ऑगस्ट आला की सगळ्यांच्या मोटरा एकदमच हवा ओढायच्या.

म्हणून मी योजना आखली. सभेच्या हॉलशेजारी एकच खोल बोअर, त्यावर टाकी, टाकीतून चारही गल्ल्यांना पाइप. पहिल्या-दुसऱ्या गल्लीनं सकाळी पाणी घालायचं, तिसऱ्या-चौथीनं संध्याकाळी. खर्च सगळ्यांत वाटला की माणशी नगरपालिकेच्या पाण्याच्या पाव भागसुद्धा येत नव्हता. अट एकच, की सगळे खासगी पंप काढायचे आणि विहिरी बंद करायच्या. कारण खाली पाणी एकच आहे. वर कितीही कुंपणं घाला, खाली कुंपण नाही.

मार्चमध्ये सभा झाली. काय आरडाओरडा, विचारू नका. चौथ्या गल्लीतला गेरार्ड, जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासलेला माणूस, उभा राहून म्हणाला, “मला नको तुमचं सामुदायिक पाणी. कम्युनिस्टांच्या राज्यात ते चाळीस वर्षं प्यालो, अजून पोट बरं नाही.”

सगळे हसले. मी म्हटलं, “गेरार्ड, तुमचं पोट पाण्यानं बिघडलेलं नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.”

आणखी हसले. पण हात कुणी वर करेना. असा अर्धा तास गेला, आणि मागच्या बाकावरून पेलागियाबाई उठल्या.

पेलागियाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांची बाग सेहेचाळीस नंबर, अगदी शेवटची, भरावाला लागून. त्यांच्या बागेत काँक्रीटच्या कड्यांची जुनी विहीर होती, नवऱ्यानं, वालेन्टीनं, स्वतःच्या हातांनी खणलेली. अख्ख्या सेमाफोरमध्ये तसं पाणी नव्हतं. चहाला पाणी हवं की लोक किटली घेऊन तिकडे जायचे. त्या वयातही बाई रहाट फिरवून बादली वर काढायच्या.

“रेगिनाबाई,” त्या म्हणाल्या, “एवढंच सांगा. माझ्या नळाला पाणी येईल का? शेवटच्या बागेत?”

“येईल.”

“कमी पडलं तर सगळ्यांत आधी माझंच बंद होणार.”

“नाही होणार. पेलागियाबाई, मी एकतीस वर्षं हेच केलंय. तुम्हाला ना ओढायचं, ना वाकायचं. नळ फिरवायचा. मी शब्द देते.”

त्यांनी मान हलवली. “तुम्ही म्हणता ना, मग झालं. मी माझी विहीर बुजवते.”

 वालेन्टीची विहीर बुजतेय म्हटल्यावर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणता येणार? एक हात वर गेला, दोन गेले, शेवटी गेरार्डचासुद्धा गेला. मग प्रत्येकाकडून एकेका कागदावर लिहून घेतलं, ‘माझ्या बागेत खासगी पंप अथवा विहीर चालू नाही.’ पहिली सही माझी. सात नंबर बागेच्या वतीनं, रेगिना. चांगली लांबलचक, शेपटीवाली सही केली होती.

एप्रिलमध्ये गवंडी आला आणि पेलागियाबाईंच्या विहिरीवर काँक्रीटचा स्लॅब पडला. मी हजर होते. बाईंनी छातीवर क्रूस काढला, स्लॅब ओला होता तोवर जवळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “चला, आता चहा घेऊ.” नळाचा चहा प्यालो आम्ही. मे महिन्यात त्यांच्या नळाला धो धो पाणी होतं. त्यांनी मला गूजबेरीचा केक पाठवला. मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, बघा, योजना अशी असते.

जुलै आला आणि पाऊस गेला तो गेलाच. पाच आठवडे, सहा, सात. टाकी अर्धीच भरायला लागली, मग पाव. एक दिवस सकाळी पेलागियाबाई आमच्या फाटकाशी आल्या. काठी टेकत, चौथ्या गल्लीतून पहिल्या गल्लीपर्यंत चालत.

“रेगिनाबाई, नळातून नुसती हवा येते. आठ दिवस झाले.”

आता ऐका मी काय केलं ते. आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. मी त्यांना आत घेतलं, आमची बाग दाखवली आणि भाषण दिलं. हो, भाषण! आमची बाग त्या दुष्काळातही हिरवीगार होती. लुत्सेकची हायड्रेंजिया, फुलांचा एकेक गुच्छ माणसाच्या डोक्याएवढा. जिल्ह्याच्या बाग-स्पर्धेत दुसरा नंबर आला होता आमचा. मी म्हटलं, “बघा पेलागियाबाई, मुळाशी वाळकं गवत अंथरलंय. ओल टिकते. पाणी कमी असलं की डोकं वापरावं लागतं. तुम्ही ऊन चढल्यावर पाणी घालत असाल. आणि गवत अंथरा, चांगलं हातभर.”

लुत्सेक तिथेच होता. वाट झाडत होता. मान वर केली नाही.

“तुमच्याकडे छान आहे,” पेलागियाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या बुधवारी मी बसथांब्यावर उभी होते. बस आली, आणि तिच्यातून पेलागियाबाई उतरल्या. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरच्या बाटल्या. काठी काखेत धरलेली. गावातल्या घरून, चौथ्या मजल्यावरून भरून आणलेलं नळाचं पाणी, काकडीच्या वेलांना घालायला. मला बघून ओशाळल्या. ओशाळल्या त्या! म्हणाल्या, “दोनच खेपा करते हो. फार नाही.”

 मी बाटल्या घेतल्या, सेहेचाळीस नंबरपर्यंत नेल्या. वेल पिवळे पडले होते. मुळाशी हातभर वाळकं गवत अंथरलेलं होतं, अगदी मी सांगितलं तसं.

मी तिथून थेट हॉलवर गेले आणि कपाटातून शिट्टी काढली. शिट्टी म्हणजे पितळेची एक पोकळ नळी असते, लांब फितीला बांधलेली. बोअरमध्ये सोडत जायची. पाण्याला टेकली की आतली हवा दाबली जाऊन शिट्टी वाजते, तेव्हा फितीवरचा आकडा वाचायचा. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं घड्याळ दिलं होतं, ही मी मागून घेतली होती. आमच्या सेमाफोरचा वायरमन विटोल्ड, तिशीतला, सरळ पोरगा, त्याला हाक मारली आणि बोअरची मोटर बंद करायला लावली.

मोटर बंद केली की बोअरमधलं पाणी हळूहळू वर चढतं. चढायलाच हवं. लगेच एकदा मोजलं, मग अर्ध्या तासानं पुन्हा शिट्टी सोडली. पाणी दोन सेंटिमीटर खाली गेलेलं.

पुन्हा मोजलं. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मोजलं.

“बोअर गळतोय का हो, रेगिनाबाई?” विटोल्डनं विचारलं.

“बोअर गळत नसतो रे बाबा. कुणीतरी पितंय.” मला एकदम सुचलं. “विटोल्ड, सगळ्या बागांची वीज बंद कर. मेन स्विच.”

त्यानं खाडकन खटका ओढला. वीस मिनिटं आम्ही दोघं बोअरपाशी उभे. मग शिट्टी सोडली आणि ती इतक्या लवकर वाजली की मी दचकले. अकरा सेंटिमीटर वर!  विटोल्ड माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. म्हणजे मोटरा. चोरून चालवलेल्या, आमच्याच लोकांच्या, त्या कागदावर सह्या केलेल्या.

“कोण असेल?” विटोल्ड हळूच म्हणाला.

“कोण म्हणजे काय? गेरार्ड! दुसरा कोण?”

मी शनिवारी दुपारी बाराला तातडीची सभा बोलावली. विषय लिहिला, ‘पाणी’. लुत्सेकलाही काही सांगितलं नाही, तो भोळा, कुठेतरी बोलून बसायचा. रात्रंदिवस एकच घोकत होते, गेरार्डला सगळ्यांसमोर असा सोलते की जन्मभर लक्षात राहील.

शनिवारी ऊन नुसतं भाजत होतं. झाडून सगळे आले. पेलागियाबाईंना मी खुर्ची दिली, बोअरच्या अगदी शेजारी. मग कागदांचा गठ्ठा उंच धरला.

“या तुमच्या सह्या. आता बघू या, कुणाची खरी आणि कुणाची खोटी. बोअरची मोटर बंद आहे, सगळी वीज बंद आहे. विटोल्ड एकेका गल्लीची वीज चालू करील. ज्या गल्लीची वीज आल्यावर पाणी खाली जाईल, त्या गल्लीत चोर.”

 मी म्हटलं, “चौथी गल्ली पहिल्यांदा.” आणि गेरार्डकडे बघून गोड हसले.

पंधरा मिनिटांनी शिट्टी सोडली. तीन सेंटिमीटर खाली. मी काही बोलायच्या आतच गेरार्ड घाम पुसत म्हणाला, “छोटीशीच आहे हो. कंपोस्टच्या खड्ड्याखाली. रोज नाही लावत.”

“आणि बाकीची तुमची गल्ली? तुमच्या छोटीशीनं तीन सेंटिमीटर जात नाही.”

मग मेजरसाहेब खाकरले. त्यांची शोभेच्या पवनचक्कीत होती. टॅक्सीवाल्याची गुलाबांच्या कमानीखाली. तिसरी गल्ली चालू केली, दोन सेंटिमीटर. दुसरी केली, दोन. आणि मग जे सुरू झालं! एकाचं निघालं की दुसरा स्वतःहून सांगायला लागला, जणू चर्चमध्ये कबुलीला रांग लागलीय. अल्डोना नर्सनं मान खाली घालून सांगितलं, “माझी कुत्र्याच्या घरात आहे.” तेव्हा आठवलं, अल्डोनाकडे कुत्राच नाही. मार्चपासून मी त्या घरासमोरून जातेय, कसं मनात आलं नाही? मी तिला विचारलं, का गं असं केलंस, तर म्हणाली, “सगळ्यांनी ठेवली असणारच, म्हणून मी पण असू दिली. उद्या तुमचा बोअर आटला तर?”

“तुमच्या मोटरांनीच आटला ना, बये!”

माझा तोल गेला. मी एकेकाला धुऊन काढलं. म्हटलं, “लाज वाटत नाही? ही बाई एक्याऐंशी वर्षांची! बसमधून बाटल्या आणते! तुमच्या भरवशावर हिनं नवऱ्याची विहीर बुजवली, आणि तुम्ही कागदावर सह्या ठोकून कुत्र्याच्या घरात मोटरा लपवता? माणसं आहात की कोण?” माझा घसा बसला, पण थांबले नाही. सगळे माना घालून उभे. खरं सांगू, मनातून बरंही वाटत होतं. आपण तेवढे स्वच्छ, असं वाटायला लागलं की बोलायला जोर येतो.

“चला,” मी शेवटी म्हटलं, “पाणी कुठे गेलं ते कळलं. मोटरा उद्याच्या उद्या बाहेर.”

“पहिली गल्ली राहिली,” गेरार्ड म्हणाला.

“पहिल्या गल्लीत माझीच बाग आहे.”

“तेच म्हणतो. मघापासून नाकानं कांदे सोलताय, अध्यक्षीणबाई. आमचं झालं, आता तुमच्या गल्लीचं पण होऊ द्या.”

लोक हसले. मीही हसले. “करा की! विटोल्ड, दे रे पहिल्या गल्लीला वीज.”

पंधरा मिनिटं. मी शिट्टी सोडली. फीत सुटत चालली, सुटत चालली, मला वाटलं माझाच हात चुकला. शेवटी वाजली. सात सेंटिमीटर. तिन्ही गल्ल्या मिळून जेवढं, तेवढं एकट्या पहिल्या गल्लीत.

“कुणाची आहे?” मी ओरडले. “पहिली गल्ली! बोला!”

तिघांनी हळूहळू हात वर केले. पण विटोल्ड मान हलवत होता. “या तिघांच्या लहान आहेत, रेगिनाबाई. एवढं ओढणारी दुसरी आहे. मीटर बघत जाऊ या.”

आम्ही गल्लीतून निघालो, मागे सगळी सभा. एक नंबरचं मीटर थंड. दोनचं थंड. तीन, चार, पाच, सहा. सातच्या खांबापाशी विटोल्ड थांबला. मी वाकून बघितलं. मीटरची चकती गरगर फिरत होती. आमच्या खोपटात तेव्हा किटलीसुद्धा लावलेली नव्हती.

“बिघडलं असेल,” मी म्हटलं.

 लुत्सेक गर्दीच्या मागे होता. गवताची टोपी हातात घेतलेली. मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस लग्नाच्या दिवशी अंगठी विसरला होता, तेव्हा असा उभा होता.

“लुत्सेक?”

“बाकाखाली,” तो म्हणाला.

खोपटातल्या भिंतीलगतच्या बाकाखाली माझ्या काकडीच्या बरण्या असतात. मी स्वतः रचते. विटोल्डनं बरण्या बाजूला केल्या, फळी उचलली. खाली नवी कोरी नळी, वायर, आणि मोटरीचा बारीक घुंईं आवाज. ऑटोमॅटिक होती. जमिनीत पिंप पुरलं होतं, ते रिकामं झालं की आपोआप चालू व्हायची. या बाकावर बसून मी पाच महिने चहा प्याले!

“कधीपासून?” मी विचारलं.

“मार्च,” लुत्सेक म्हणाला. “सभेच्या आठवड्यात. तू बहिणीकडे गेली होतीस ना, तेव्हा.”

“सभेच्या आधी?”

“नंतर.”

“अरे, मी सही केली! तुझ्या-माझ्या बागेची पहिली सही माझी आहे!”

“म्हणून तर तुला सांगितलं नाही,” तो म्हणाला. “तू खरी सही केलीस गं. मला वाटलं, बाकी कुणीच काढणार नाहीत, मग आपणच का वाळत बसायचं? तुझी योजना फसली असती तर तुझ्याच बागेचं वाळवंट झालेलं मला बघवलं नसतं.”

म्हणजे माझ्यासाठी! हे ऐकून मला रडू यावं की त्याच टोपीनं त्याला बडवावं, काही कळेना.  इतकी माणसं फाटकात, आणि गेरार्डसुद्धा गप्प. त्यानं एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

पेलागियाबाई गर्दीतून वाट काढत आत आल्या. हायड्रेंजियापाशी थांबल्या. काठीच्या टोकानं मुळाशी अंथरलेलं गवत जरा बाजूला केलं. खालची माती काळीभोर, चिखल होण्याइतकी ओली.

“मी पण अंथरलं होतं हो गवत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत तसं.”

“पेलागियाबाई, मला माहीत नव्हतं. आईशप्पथ, मला—”

“म्हणजे ज्यांच्या विहिरी-नळ्या होत्या, त्यांच्यातली मी एकटीनंच बुजवली?”

त्या कुणा एकाला विचारत नव्हत्या. सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या, खरंच उत्तर हवं असल्यासारख्या. अल्डोना रडायला लागली. मेजर जमिनीकडे बघत होते. मग बाई फाटकातून निघून गेल्या. मी मागे धावले नाही. कुठल्या तोंडानं धावणार?

त्या आठवड्यात एकोणतीस मोटरा निघाल्या. मी प्रत्येक नळी उपसताना समोर उभी राहिले. आमची मी स्वतः ओढून काढली, लुत्सेकला हात लावू दिला नाही. घरात आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही, सूपसुद्धा त्याचं त्यानंच वाढून घेतलं. आणि पाणी चढायला लागलं. रोज शिट्टी सोडत होते, रोज चार बोटं वर. अकराव्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. मी सेहेचाळीस नंबरला जाऊन नळ फिरवला. जाडजूड धार आली. काकड्या गेल्या होत्या, पण धार आली. माझी योजना चुकलेली नव्हती! मी तिथल्या तिथे विटोल्डला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेलागियाबाईंच्या घरी गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत धाप लागली, आणि वाटलं, हे जिने त्या दहा लिटर घेऊन उतरत होत्या. त्यांनी दार उघडलं, मला स्वयंपाकघरात बसवलं, चेरीचं सरबत दिलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

“पाणी आलंय, पेलागियाबाई. शेवटच्या नळाला. मी डोळ्यांनी बघितलं.”

“बरं झालं.”

“मग कधी येताय? अजून मुळे लावता येतील, पालक लावता येईल. मी येते मदतीला.”

त्यांनी टेबलावरचा कपडा नीट केला. “सगळ्यांच्या निघाल्या?”

“सगळ्यांच्या. एकोणतीस. मी मोजल्यात.”

“आणि तुमच्या नवऱ्यानं? दुसरी कुठे घालून ठेवली नसेल ना?”

“छे हो! शक्यच नाही.”

“छातीवर हात ठेवून सांगा.”

मी हात उचलला. खरंच उचलला. आणि सकाळचा लुत्सेक डोळ्यांसमोर आला, टेबलाशी बसून पावाला लोणी लावणारा, गरीब चेहऱ्याचा. मार्चमध्येही तोच चेहरा होता. एप्रिलमध्ये, मेमध्ये, मी त्याच्यासमोर पेलागियाबाईंना भाषण देत होते तेव्हाही तोच. त्या चेहऱ्यावरून मला काही कळलं होतं का? तो परवा आमच्या खोपटाच्या मागे काय खणत होता, हेही मी विचारलं नव्हतं. बटाटे असतील. बटाटेच असणार. पण हात तसाच टेबलावर खाली आला.

पेलागियाबाई वाट बघत होत्या. रागानं नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचेपर्यंत माणूस थांबतो तशा थांबल्या. मग म्हणाल्या, “तुमच्यावर माझा राग नाही, रेगिनाबाई. पण माझा स्लॅब फोडून द्या.”

“अहो, पण तुमची उघडली तर बाकीचे—”

“मला माझी विहीर दिसायला हवी. वर आकाश आणि खाली पाणी. मग मी मुळे लावीन.”

मी नाही म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी आणि लुत्सेक घण घेऊन सेहेचाळीस नंबरला गेलो. नियम मी लिहिला होता, मंजूर मी करून घेतला होता, आणि पहिला घाव मीच घातला. काँक्रीट टणक होतं, गवंड्यानं काम चोख केलं होतं. पेलागियाबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. आवाज सगळ्या गल्ल्यांत जात होता.

थोड्या वेळानं मान वर केली तर कुंपणापाशी गेरार्ड उभा. त्याच्या मागे मेजर, अल्डोना, टॅक्सीवाला, आणखी चार-पाच जण. कुणी हसत नव्हतं. गेरार्डच्या आवाजात टोमणाही नव्हता, तो अगदी मनापासून विचारत होता.

“अध्यक्षीणबाई, मग आम्ही पण परत बसवायच्या का?”

लुत्सेकनं माझ्याकडे बघितलं. सगळेच बघत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत पाण्याबद्दलचा एकही प्रश्न मी अनुत्तरित ठेवला नव्हता, आणि त्या दिवशी हातात घण घेऊन मी नुसती उभी राहिले.